बेनबो रेडवर दाब

बागायतदार ॲथॉल बेनबोची वेबसाइट टास्मानियातल्या सिग्नेट गावातल्या निम्म्या लोकांनी उघडली होती आणि उघडणाऱ्या प्रत्येकाने तिचं तोंडभर कौतुक केलं होतं. तिच्यातलं एकही चित्र तीन वर्षांत कोणाला दिसलं नव्हतं, हे मात्र कोणी कोणाजवळ बोललं नव्हतं.

गाव लबाड होतं असं नाही. शेजारच्या बागेतल्या डडली हर्स्टने घरी वेबसाइट उघडली, तेव्हा त्याला चित्रांच्या जागी रिकामे चौकोन दिसले आणि सफरचंदांच्या नावांवर कितीही दाबलं तरी पान ढिम्म हलेना. डडलीला वाटलं, आपलंच यंत्र जुनाट. बेकरीतल्या बाईला वाटलं, आपल्याच फोनला काहीतरी झालंय. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मरणाची नसेल इतकी भीती यंत्रापुढे अडाणी ठरण्याची असते. झाकली मूठ सव्वा लाखाची. पबमध्ये गाठ पडली की डडली म्हणायचा, "झकास जमलंय बरं का तुझं ते सफरचंदांचं."

"चित्रं जरा मोठी झालीत का रे?" ॲथॉल विचारायचा.

"छे छे, बरोब्बर आहेत," असं म्हणून डडली बिअरच्या ग्लासात नाक खुपसायचा.

ॲथॉलने स्वतः ती वेबसाइट दुसऱ्या कोणाच्या कम्प्युटरवर कधीच पाहिली नव्हती. त्याच्या पडद्यावर एक छोटं चिन्ह होतं. त्यावर टिचकी मारली की सगळं उघडायचं. एकूण एक सफरचंद रंगीत, जागच्या जागी. महिन्यातून एकदा 'वर चढवा' असं एक बटण दाबून तो सगळा फोल्डर जगाला पाठवायचा आणि परत आपल्या चिन्हावर टिचकी मारून बघायचा. दिसतंय. मग झालं. यालाच इंटरनेट म्हणतात अशी त्याची समजूत होती आणि ती चुकीची आहे असं त्याला सांगणारी बायको पाच वर्षांपूर्वी वारली होती.

जुलैच्या ऐन थंडीतल्या एका गुरुवारी, बागेची छाटणी निम्मी बाकी असताना, तो हात धुऊन गावातल्या ग्रंथालयात गेला. गुरुवारी तिथे टेरेसा व्होइचिक बसायची. टेरेसाने तीस वर्षं या खोऱ्यात टपालाची गाडी चालवली होती. निवृत्त झाल्यावर ती आपल्याच वयाच्या लोकांना कम्प्युटर शिकवायची, तेही फुकट, त्यामुळे वाट्टेल ते बोलायचा हक्क तिने स्वतःकडे घेतला होता.

"किती लोक बघतात ते मोजणारा आकडा असतो ना वेबसाइटवर," ॲथॉल म्हणाला, "तो बसवायचाय मला."

"कशाला?"

"सहज."

"सहज म्हणे! तू सहज शिंकतसुद्धा नाहीस, ॲथॉल."

"कुठल्या देशातून बघतात तेही कळतं का त्यात?"

"कळतं. कुठला देश हवाय तुला?"

ॲथॉलला न्यूझीलंड हवा होता, आणि त्यातही मोटुएका नावाचं एकच गाव. पण टेरेसाला एवढं सांगितलं तर ती पुढचंही विचारणार.

टेरेसाने ग्रंथालयाच्या कम्प्युटरवर त्याची वेबसाइट उघडली. मग चष्मा कपाळावर सरकवला, परत डोळ्यांवर आणला.

"चित्रं कुठायत?"

"कुठायत म्हणजे? तिथेच." ॲथॉल पुढे झुकला. हिरव्या पार्श्वभूमीवर 'ॲथॉल बेनबोची सफरचंदं' असं मोठ्या अक्षरांत होतं आणि त्याखाली रिकाम्या चौकोनांच्या रांगा होत्या. "तुमचं यंत्र बिघडलंय."

"अस्सं. यंत्र बिघडलंय." टेरेसाने एका नावावर दाबलं. काही झालं नाही. दुसऱ्यावर दाबलं. मग तिने कुठलीशी दोन बटणं एकदम दाबली आणि पडद्यावर पानामागचा सगळा मजकूर उलगडला. एका ओळीवर बोट ठेवून ती हळूहळू वाचायला लागली. "सी ड्राइव्ह. युजर्स. ॲथॉल. डेस्कटॉप. ॲपल्स. बेनबो रेड. हे काय रे?"

"पत्ता. पूर्ण पत्ता." ॲथॉलच्या आवाजात थोडा अभिमानच होता. "दोनशे बारा लिंका आहेत. एकूण एक मी हाताने लिहिल्यात, अर्धवट एकही नाही."

हा अभिमान त्याला बापाकडून मिळाला होता. त्या काळी इथली सफरचंदं बोटीने इंग्लंडला जायची. लाकडी खोक्यांवर शाईने बागेचं नाव, खोऱ्याचं, बंदराचं, बोटीचं आणि तिकडच्या अडत्याचं नाव उमटवायचं. एका वर्षी गडीमाणसांनी कंटाळून चाळीस खोक्यांवर नुसतंच 'बेनबो, लिव्हरपूल' लिहिलं आणि ती खोकी लिव्हरपूलच्या धक्क्यावर कुजून गेली. तेव्हापासून त्या घरात अर्धा पत्ता लिहिणं हे पाप होतं. वेबसाइट करायला तो ज्या वर्गात शिकला, तिथे वाटलेल्या कागदावर लिंक कशी लिहायची ते दिलं होतं, 'नुसतं फाइलचं नाव लिहिलं तरी चालेल' असंही होतं. ॲथॉलने ते वाक्य वाचून नाक मुरडलं होतं.

"पूर्ण आहे, कबूल," टेरेसा म्हणाली. "पण कुठला? हा तुझ्या घराच्या आतला पत्ता आहे. स्वयंपाकघर, डावीकडचं कपाट, वरची फळी. तुला सापडणारच. दुसरा माणूस दाबतो तेव्हा त्याचं यंत्र त्याच्याच घरात ॲथॉलचं कपाट शोधायला लागतं. ते नसतं तिथे. मग बिचारं गप्प बसतं."

"सगळ्यांचंच?"

"तुझं सोडून सगळ्यांचं."

"पण डडली म्हणाला, छान आहे!"

"डडलीला लग्नात बायकोने सुद्धा विचारलं असतं ना, मी कशी दिसते, तर न बघताच छान म्हणाला असता. ऐक. हे दुरुस्त करायला अवघड नाही. तुझी पानं सगळी एकाच फोल्डरात आहेत. बागेत कामाला आलेल्या माणसाला तू झाड कसं सांगतोस? टास्मानिया, ह्युऑन खोरं, बेनबोची बाग, असं?"

"वेडी का तू? पंपापासून तिसरी ओळ, उताराला सातवं झाड."

"झालं तर मग. आतल्याला आतला पत्ता. एका पानाने दुसऱ्या पानाला नुसत्या नावाने हाक मारायची. उद्या सगळी बाग उचलून दुसऱ्या डोंगरावर नेलीस तरी तिसरी ओळ तिसरीच राहते. आणि परक्या वेबसाइटकडे माणूस पाठवायचा असेल, ते तू कलमांच्या संस्थेचं दिलंयस तसं, तर तिथे मात्र अगदी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत. तिथे तुझ्या बापाचा नियम."

ॲथॉलचं निम्म्याकडे लक्षच नव्हतं. तो मनातल्या मनात मागे मागे चालला होता.

"म्हणजे," त्याने विचारलं, "गेल्या तीन वर्षांत बेनबो रेडवर दाबलं असेल कोणी, तर—"

"तर काही नाही. नुसतं दाबत बसायचं."

तो खुर्चीत मागे टेकला. त्याचा चेहरा बघून टेरेसाने पुढचा टोमणा गिळला.

तीन वर्षांपूर्वीच्या नाताळात ॲथॉलने आपल्या बहिणीला, रोवीनाला, कार्ड पाठवलं होतं. दरवर्षी पाठवायचा तसंच, पण या वेळी खाली तीन ओळी जास्त. 'मी वेबसाइट केली आहे. तिथे बेनबो रेडवर दाब. तुझ्यासाठी लिहिलंय.' पुढे वेबसाइटचा पत्ता, एकेक अक्षर सुटं करून. त्या ओळी लिहायला त्याला एक्केचाळीस वर्षं, एक आजार आणि बायकोचं मरण एवढं सगळं लागलं होतं. कार्ड पेटीत टाकून घरी आला तेव्हा छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं होतं.

उत्तर आलं नाही. पुढच्या नाताळात तिचं कार्डही आलं नाही. आपण माफी मागितली आणि तिने थोबाडीत मारली, असा त्याने अर्थ काढला. मग त्याचाही पीळ जागा झाला. गेल्या वर्षी रोवीनाचा नवरा वॉली वारल्याचं चुलतभावाकडून कळलं, तेव्हा त्याने फोन उचलला आणि परत ठेवला. पहिलं पाऊल मी टाकलंय, आता तिची पाळी, असं तो भिंतीला म्हणाला. भिंतीला ते पटलं असावं. वॉलीला जाऊन दहा महिने झाले होते.

"पान आहे तिथे," टेरेसा म्हणाली. तिने तोवर वरच्या पट्टीत अख्खा पत्ता हाताने लिहून बेनबो रेडचं पान उघडलं होतं. "तू वर चढवलंयस ते नीट. पान जगापुढे आहे तीन वर्षं, फक्त त्याच्याकडे जायची वाट नव्हती. कोणासाठी लिहिलंयस एवढं?"

"बहिणीसाठी."

"मोटुएकाची? डिसेंबरात एक पत्र असायचं तिचं. मीच टाकायचे तुझ्या पेटीत." एवढं म्हणून टेरेसा वाचायला लागली. मनातल्या मनात नाही, पुटपुटत, कारण तीस वर्षं पत्ते वाचून तिला तीच सवय लागली होती.

पान लांबलचक होतं. खोऱ्यातली माती, उताराची दिशा, पंचाहत्तर सालातलं हवामान. त्या दिवसांत सरकार बागा उपटून टाकायला पैसे देत होतं आणि निम्मं खोरं उघडं पडलं होतं, त्याची हकिगत. जोनाथन जातीच्या एका जुन्या झाडावर एका फांदीची फळं बाकीच्यांच्या दोन आठवडे आधी, देठापासून बुडापर्यंत लाल झाली, त्याचं वर्णन. कलम करायला त्या फांदीचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, कसा भरला, खुंट कुठला घेतला. मग प्रदर्शनातलं पहिलं बक्षीस. मग नाव, बेनबो रेड.

टेरेसा शेवटपर्यंत गेली, परत वर आली.

"बहिणीसाठी लिहिलंयस म्हणालास."

"हो."

"मग ती कुठाय यात?"

"आहे की." ॲथॉलने बोटाने ओळ दाखवली. 'माझी बहीण रोवीनाही त्या दिवशी बागेत होती.'

टेरेसाने ती ओळ वाचली. "ॲथॉल," ती म्हणाली, "यात तुझ्या कुत्र्याला तीन ओळी आहेत."

त्याने टोपी उचलली आणि तो निघाला. दारापाशी कोणीतरी त्याला नमस्कार केला, त्याने बघितलंही नाही. गाडीत बसल्यावर त्याने टेरेसाला मनसोक्त शिव्या दिल्या. भोचक बाई, दुसऱ्यांची पत्रं चाळत आयुष्य गेलं, हिला काय कळतंय. खोऱ्याच्या वळणापर्यंत त्या शिव्या पुरल्या. त्यानंतर गाडीत तो एकटाच उरला.

घरी येऊन त्याने कामाला हात घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी गवतावर हिमाचा पांढरा थर होता. शिडीवर चढून छाटणी करायची, बोटं बधिर झाली की खाली उतरून चहा प्यायचा, मग कम्प्युटरपुढे बसून लिंका दुरुस्त करायच्या, असा त्याने आठवडा काढला. एका लिंकेतून सी ड्राइव्ह खोडायचा, युजर्स खोडायचं, ॲथॉल खोडायचं, डेस्कटॉप खोडायचं. मागे राहायचं ते फळाचं नाव. सुरुवातीला त्याला ते उघडंबोडकं वाटलं, पत्त्याशिवाय पाठवलेल्या खोक्यासारखं. पण दाबलं की पान उघडायचं. चित्रांसाठी वेगळा फोल्डर होता, तिथे दोन टिंबं देऊन एक पायरी वर जायचं आणि मग खाली उतरायचं, हे त्याला फारच आवडलं. रोज तो वर चढवायचा आणि डडलीला फोन करायचा.

"आता बघ रे. दिसतंय?"

"छान आहे," पहिल्या दिवशी डडली म्हणाला.

"डडली, मी तुला खरं विचारतोय."

डडलीने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "आज पहिल्यांदाच दिसतंय, मित्रा. मला वाटलं, माझंच डोकं ठिकाणावर नाही. तीन वर्षं मी मुलाला सांगतोय, मला नवा कम्प्युटर आणून दे म्हणून."

मंगळवारपर्यंत दोनशे अकरा लिंका झाल्या. एक राहिली, बेनबो रेडची. पहिल्याच पानावर, सगळ्यांत वर, लाल अक्षरांत. ती दुरुस्त करायला अर्धं मिनिट पुरलं असतं. तो तिच्यावर काठी टेकवल्यासारखा बाण ठेवून बसायचा आणि उठून जायचा.

कारण टेरेसाच्या तोंडून आपलं पान ऐकलं तेव्हा त्याला पहिल्यांदाच ते काय आहे ते कळलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तसला प्रकार होता सगळा. माती होती, पाऊस होता, कुत्रा होता. जे सांगायचं होतं ते तेवढं नव्हतं. बहिणीला हे पान दिसलं नाही म्हणून त्या गुरुवारी क्षणभर त्याचा जीव फाटला होता. आता त्याला वाटायला लागलं, दिसलं नाही तेच बरं झालं.

घडलं होतं ते सरळ होतं. बाप झाडं उपटायचा कागद भरून बसला होता. चौथी ओळही त्यात होती. पंचाहत्तरच्या त्या मार्चमध्ये तोडणी चालू असताना एकोणीस वर्षांच्या रोवीनाला ती फांदी दिसली. ॲथॉल त्या झाडावरून दोनदा गेला होता आणि त्याला काही दिसलं नव्हतं. तिने फांदीला आपल्या एप्रनची नाडी बांधली, बापाशी भांडली, कागदावरून ती ओळ खोडायला लावली. झाडं उपटायचं यंत्र आलं त्या दिवशी ती ओळीच्या तोंडाशी उभी राहिली, बापाने चुकून हो म्हणू नये म्हणून. कलमांचे डोळे तिने भरले. पहिल्या खेपेचे वाळून गेले, दुसऱ्या खेपेला अकरा लागले. तीन वर्षांनी फळं धरली आणि ती प्रदर्शनाला ठेवायची ठरली, तेव्हा अर्ज ॲथॉलने भरला. शोधणाऱ्याच्या नावापुढे त्याने स्वतःचं नाव लिहिलं. बाप म्हणाला होता, पोरगी काय, लग्न होऊन जाईल, बाग ज्याची त्याचं नाव असू दे. बापाने सांगितलं हे खरं. पण पेन ॲथॉलच्या हातात होतं आणि अर्ज भरताना बाप त्या खोलीत नव्हता.

पुढे बाकीचं खोरं उघडं पडलं तेव्हा बेनबोंची बाग त्या लाल सफरचंदावर तगली. रोवीना पुढच्या हिवाळ्यात न्यूझीलंडला गेली. भांडली नाही, ओरडली नाही. दरवर्षी कार्ड पाठवत राहिली आणि कार्डात हवापाण्याचं लिहीत राहिली. तिने एकदा तरी शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

बुधवारी त्याने ते पान उघडलं आणि वरपासून खालपर्यंत पुसून टाकलं. माती गेली, हवामान गेलं, बक्षीस गेलं. कुत्रा गेला तेव्हा जरा वाईट वाटलं. रिकाम्या पानावर त्याने सकाळपासून दुपारपर्यंत सहा ओळी लिहिल्या. मग उरलेली लिंक दुरुस्त केली, वर चढवली आणि गावात जाऊन ग्रंथालयाच्या कम्प्युटरवर स्वतः दाबून पाहिली. टेरेसाचा वार नव्हता, त्यामुळे त्याला एकट्याला तिथे वाचता आलं. पान उघडलं. सहाच्या सहा ओळी होत्या.

आता तिला कळवायचं कसं? परत कार्ड पाठवायचं, 'आता दाब'? डिसेंबर पाच महिने लांब होता. तो घरी आला, बायकोच्या हस्ताक्षरातली फोनची वही काढली, आणि विचार करायला वेळ मिळू नये म्हणून उभ्या उभ्याच नंबर फिरवला.

"हॅलो?" आवाज म्हातारा झाला होता. त्याला ते अपेक्षित नव्हतं.

"रो. मी ॲथॉल."

पलीकडे रेडिओ बंद झाला. मग, "कोण वारलं?"

"कोणी नाही."

"मग?"

"ती वेबसाइट आहे ना माझी. कार्डात लिहिली होती."

"हं."

"तिच्यात चूक होती. माझी. लिंक चुकीची लिहिली होती मी. दाबलं तरी उघडत नव्हतं. कोणालाच. मला गेल्या गुरुवारी कळलं."

फोन कटला की काय असं वाटून त्याने "रो?" म्हटलं.

"मी दाबलं होतं," ती म्हणाली.

"हो, म्हणजे, तेच सांगतोय मी—"

"गप्प बस जरा. मी दाबलं होतं, ॲथॉल. कार्ड आलं त्या दिवशी दाबलं. काही झालं नाही. वॉली म्हणाला, आपलं यंत्र जुनं आहे, म्हणून शेजारी जाऊन दाबलं. मग ग्रंथालयात. मग नेल्सनला पुतणीकडे गेलो, तिचं नवंकोरं होतं, तिथे दाबलं. वॉली गाडीत बसून राहिला होता दीड तास. वर लाल अक्षरांत बेनबो रेड, आणि खाली काही नाही. मग मला समजलं. म्हटलं, हेच दाखवायचंय त्याला. नाव आमचं, आणि तुझ्यासाठी इथे काही नाही."

ॲथॉलने पायाने खुर्ची ओढली आणि तो बसला.

"तुला असं वाटलं? मी असं करीन?"

"तू काय करशील ते मला ठाऊक होतं, त्या अर्जापासून." आवाज चढला नव्हता. "वॉली गेला तेव्हा मात्र वाटलं होतं, फोन करशील."

"मला वाटलं, तू वाचून गप्प बसलीस."

"मी? मी कधी वाचून गप्प बसले असते?"

ते खरं होतं. हे तीन वर्षांत एकदाही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. रोवीनाला हाती काही मिळालं असतं तर ती त्याच्यावर तुटून पडली असती, चूक बरोबर सगळं ओळीने काढलं असतं. दोघंही एकाच बापाची. दोघंही चार ठिकाणी खटपट करतील, पण 'मला दिसत नाहीये' एवढं सांगणार नाहीत.

"वॉलीचं," तो म्हणाला आणि अडखळला. "वॉलीचं मला वाईट वाटलं, रो. फोन उचलला होता. ठेवला. लाज वाटते मला त्याची."

तिने नाक ओढल्याचा आवाज आला.

"आता उघडतं," तो घाईने म्हणाला. "मी स्वतः गावात जाऊन बघून आलोय. तू आत्ता दाबलंस तर—"

"मी नाही दाबणार."

"अगं, आता खरंच—"

"नाही, ॲथॉल. माझं दाबून झालं."

पडद्यावर ते पान उघडंच होतं. त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला, चष्मा पुसला. "बरं. मग मी वाचतो. ऐकशील?"

तिच्या उत्तराची वाट न बघता त्याने सुरुवात केली. "'एकोणीसशे पंचाहत्तर सालच्या मार्च महिन्यात बेनबोंच्या बागेत चौथ्या ओळीत—'"

"वाचतोयस."

"हो, म्हटलं ना—"

"वाचू नकोस. तिथे आहे ते जगाला राहू दे. मला सांग."

त्याने पडद्याकडे पाहिलं. सहा ओळी तिथे होत्या, नीट, तपासलेल्या, स्पेलिंगसकट. त्यातल्या एकीचाही आत्ता उपयोग नव्हता. सत्तरी उलटलेला हा माणूस शाळेत उभं केलेल्या पोरासारखा घाबरला होता, आणि घाबरला होता म्हणूनच पटकन बोलून गेला.

"फांदी तुला दिसली. मला नव्हती दिसली, मी दोनदा तिथून गेलो होतो. ओळ तू वाचवलीस. डोळे तू भरलेस. अर्जावर माझं नाव मी लिहिलं, बापाने नाही. तो खोलीत नव्हता. तुझं होतं ते मी घेतलं, रो, आणि त्याच्यावर जगलो."

टास्मान समुद्राच्या पलीकडून तिचा श्वास ऐकू आला, तुटक तुटक, आणि ती रडते आहे हे त्याच्या लक्षात आलं. लहानपणी ती पडली की सुद्धा रडायची नाही.

"रो? आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली. "परत सांग."

त्याने पहिल्यापासून परत सांगितलं.